पाठीवरचा संसार

दिवाळीचा फराळ संपला, डबे घासून पालथे घातले आणि त्याच संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "अहो, आपण दोघंच कुठंतरी जाऊन येऊ या." ह्यांनी पेपरातून मान वर केली. "दोघंच? का बरं?"

ह्या 'का बरं'ला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली. दोघांनी मिळून प्रवास केला तो लग्नकार्याचा, देवदर्शनाचा, नाही तर दवाखान्याचा. आणि बोलणं म्हणाल तर गॅस संपला, फी भरायचीय, दळण आणा, एवढंच.

हे खूळ डोक्यात शिरलं ते वर्गात. मी आठवड्यातून तीन दिवस भूगोल शिकवते. मध्य अमेरिका सांगताना कोस्टा रिका निघालं. एकीकडे पॅसिफिक, दुसरीकडे कॅरिबियन समुद्र, मध्ये डोंगर, धो धो पाऊस, केळी, अननस, कॉफी. १९४८ साली ह्या देशाने आपलं सैन्यच मोडीत काढलं. तिथे जगभरची जोडपी पाठीवर एकेक पिशवी घेऊन साध्या बसने गावोगाव हिंडतात, असं मी सांगितलं. तशी एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही कधी अशा गेला होता?" मी फळा पुसायला लागले.

कोस्टा रिका आपल्याला कुठलं परवडायला! पण समुद्र, डोंगर आणि पाऊस म्हटलं की आपलं कोकण आहेच. आणि एसटी आहे. 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' ही महामंडळाची योजना १९८८ पासून आहे. पास चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. ह्यांचा सात दिवसांचा काढला. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणून मी आपली सुटी तिकिटंच काढली. तुम्ही निघाल तेव्हा दोन्ही हिशेब मांडून बघा.

मला धाकधूक होती ती आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची. त्या शहात्तर वर्षांच्या. भीत भीत विचारलं. थोडा वेळ त्या वाती वळत राहिल्या, मग म्हणाल्या, "तुझे सासरे दरसाल वारीला जायचे. गाठोडं मी बांधून द्यायचे. तू जा. पोरांचं मी बघते."

खर्ड्याहून जामखेड, पुणे आणि तिथून दापोली. तिथे कोकण कृषी विद्यापीठ आहे, १९७२ सालचं. कोकणातल्या बागा बघताना भूगोलाच्या बाईंना राहवेना. पपई आणि चिकू मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे, काजू ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणलेला. मिरचीसुद्धा तिकडचीच. म्हणजे आमच्या गावाचं नाव खर्डा, पण ताटातल्या खर्ड्याचं माहेर मात्र सातासमुद्रापलीकडे! हे मोठ्यांदा हसले. ह्यांना इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

दापोलीजवळच मुरूड. महर्षी कर्व्यांचं लहानपण इथलं. शाळेत असताना परीक्षेसाठी ते भर पावसात साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. त्याच माणसाने पुढे १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं. समुद्राकडे बघत मी उभी राहिले. बी. एड. करायचं नऊ वर्षं माझ्या मनात आहे, पण ते मी कुणाला बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दाभोळला वाशिष्ठीची खाडी ओलांडायला फेरीबोटीत चढताना माझ्या पिशवीचा पट्टाच तुटला. डबा गडगडत गेला. हे चारचौघांत म्हणाले, "कुणी सांगितलं होतं एवढं भरायला?" मी काही बोलले नाही. बोलले असते तर रडले असते. पलीकडे धोपावे लागलं, तिथून गुहागरची गाडी मिळाली. दोघंही खिडकीबाहेर बघत होतो.

गुहागरला खोलीवर गेल्यावर मी पिशवी पलंगावर ओतली. ह्यांचा जाड टॉवेल, ह्यांची चादर, ह्यांचं दाढीचं सामान, पित्ताच्या गोळ्या, ह्यांना लागतो म्हणून चिवड्याचे दोन डबे. ह्यांनी स्वतःच दोन ढीग केले. ह्यांचा ढीग मोठा झाला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घरीही असंच आहे का गं?"

त्या संध्याकाळी आम्ही वाळूत बसलो. बी. एड.चं मी तिथे बोलले. हे लगेच 'हो' म्हणाले नाहीत. पैशांचं काय, मुलांच्या शाळेचं काय, सगळं निघालं. पण ते बोलणं आमच्या दोघांचं होतं, दळणाचं नव्हतं.

पुढे तवसाळहून दुसऱ्या फेरीबोटीने जयगड, मग गणपतीपुळे, रत्नागिरी, आंबा घाट चढून कोल्हापूर आणि पंढरपूर, बार्शी करत घरी. ह्या सगळ्या वाटेवर ह्यांचं सामान ह्यांच्या पाठीवर होतं.

घरी आल्यावर आमची पहिली पिशवी जशीच्या तशी भरून गिरणीच्या काट्यावर ठेवली. अकरा किलो! शाळेचं दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं, असं धोरण आहे. तोच हिशेब आपणही धरावा. मी पंचावन्न किलोची, तर माझी पिशवी साडेपाच किलोची.

तुम्ही निघालात तर ध्यानात ठेवा. अंगावरचे धरून कपड्यांचे तीन जोड पुरे, रोज एक धुवावा. जाड टॉवेलऐवजी पंचा घ्या. कोकणच्या दमट हवेत टॉवेल वाळत नाही. जड वस्तू पिशवीत पाठीच्या बाजूला ठेवा आणि पट्टे दोन्ही खांद्यांना अडकवा. पहिल्या दोन दिवसांना दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. चिवडा घट्ट झाकणाच्या डब्यातच, नाहीतर सादळतो. जुलाब झाले तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट प्यावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, ज्याची पिशवी त्याने भरावी.

बी. एड.चा फॉर्म कपाटावर आहे. अजून भरलेला नाही, पण हे रोज विचारतात, "भरलास का?"

काल आत्याबाईंना सगळं सांगत होते. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, हेही ओघात सांगितलं. २०२२ सालापासूनच आहे, त्यांना ठाऊक नव्हतं. त्या वाती वळायच्या थांबल्या.

"मग मला कधी नेता? गाठोडं माझं मी बांधीन."