न संपणारी गोष्ट कोणाच्या फायद्याची?

मुलांच्या करमणुकीचा विषय निघाला की पुरोगामी चळवळीतील जाणत्या मंडळींच्या चेहऱ्यावर एक सहनशील स्मित उमटते. उसाचा दर, कामगार संहिता, शाळांचे खासगीकरण असे प्रश्न दाराशी उभे असताना कार्टूनची चर्चा कशाला, असा त्या स्मिताचा अर्थ असतो. सांगली-पेठ रस्त्यावरील आष्ट्यासारख्या गावात कार्यकर्ता उसाच्या बिलासाठी सभा घेत असतो, आणि त्याच वेळी त्याच्या घरातील आठ वर्षांचे मूल पडद्यासमोर बसून एक निराळीच शिकवण घेत असते. सभेला येणारा माणूस महिन्यातून कधीतरी तासभर चळवळीची भाषा ऐकतो. मूल मात्र आपली शिकवण रोज ऐकते, आणि आवडीने ऐकते. जगाविषयीच्या त्याच्या पहिल्यावहिल्या कल्पना कोण घडवतो, हा प्रश्न दुय्यम मानणारी चळवळ आपली पुढची पिढी आपल्याच हाताने प्रतिपक्षाच्या स्वाधीन करीत असते.

उदाहरणादाखल ‘पोकेमॉन’ ही मालिका घ्यावी. कारण तिची जन्मकुंडली स्वच्छ आहे. आधी व्हिडिओ गेम, मग कार्टून. खेळाचा कर्ता सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदा या भागात वाढला. शेतात, तळ्याकाठी किडे गोळा करण्याचा त्याला लहानपणी नाद होता. पुढे ती शेते आणि तळी बांधकामाखाली गेली. तो आनंद शहरातील नव्या मुलांना मिळावा, या इच्छेतून हा खेळ सुचला. इच्छा निर्मळ होती. परंतु बाजाराने तिचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. नफ्याने आधी शेत गिळले, आणि मग त्या शेतातला किडा बॅटरीवर चालणाऱ्या डबीत घालून त्याच मुलांना विकत दिला.

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेन्डो कंपनीने हा खेळ जपानात बाजारात आणला, तो एक नव्हे तर लाल आणि हिरवा अशा दोन आवृत्त्यांत. प्रत्येक आवृत्तीतून काही प्राणी मुद्दाम वगळलेले होते. सारे प्राणी मिळवायचे तर दुसरी आवृत्ती असलेला सोबती शोधणे, अथवा स्वतःच दोन्ही विकत घेणे भाग होते. मुलामुलांच्या देवघेवीलाही खरेदीची अट घालणारी ही योजना होती. १ एप्रिल १९९७ पासून टीव्ही टोकियो वाहिनीवर मालिका सुरू झाली आणि २००३ साली हिंदी रूपात ती कार्टून नेटवर्कवरून भारतातील घराघरांत आली. मराठी मुलांनी ती हिंदीतूनच पाहिली.

या मालिकेचे कथासंकेत एकेक करून तपासले की त्यांचे मूळ लेखकाच्या प्रतिभेत फारसे सापडत नाही; ते खेळाच्या नियमांत सापडते. खेळात आठ पदके मिळवल्यावर मोठी स्पर्धा, म्हणून मालिकेतही आठ पदके आणि मग स्पर्धा. खेळात गावामागून गाव, म्हणून कथेतही गावामागून गाव. दर भागात नवा प्राणी, नवी झुंज आणि पुढचा रस्ता. मालिकेतील प्राणी बहुधा स्वतःच्या नावापलीकडे काही बोलत नाहीत. अर्ध्या तासात एखाद्या प्राण्याचे नाव इतक्या वेळा कानावर पडते, की दुकानात त्याचे खेळणे दिसताच मुलाने ते ओळखावे.

परंतु सर्वांत महत्त्वाचा संकेत काळाचा आहे. मालिकेचा नायक ॲश (जपानीत सातोशी) घर सोडतो तेव्हा दहा वर्षांचा असतो. पंचवीस वर्षे तो हिंडला, आणि दहा वर्षांचाच राहिला. खेळाची नवी पिढी बाजारात आली की तो नव्या प्रदेशात जातो, जुने सोबती आणि जुने प्राणी मागे ठेवतो आणि पुन्हा आरंभापासून सुरुवात करतो. ‘डायमंड’ व ‘पर्ल’ हे खेळ ज्या दिवशी जपानी दुकानांत आले, त्याच २८ सप्टेंबर २००६ रोजी मालिकेचे नवे पर्व सुरू झाले. २०१० च्या पर्वात तर कमाल झाली. तेरा वर्षे झुंजलेला पिकाचू एका नवशिक्या मुलाच्या प्राण्याकडून हरला. नव्या खेळाबरोबर येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकासाठी जुन्या नायकाचा सारा अनुभव पुसून टाकणे आवश्यक होते. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲश जगज्जेता ठरला आणि २०२३ मध्ये त्याला निरोप मिळाला. मालिका मात्र थांबली नाही. नव्या मुलांना घेऊन ती पुढे चालूच राहिली.

येथेच मुद्द्याची गाठ आहे. या कथेत संग्रह वाढतो, अनुभव वाढत नाही. १९९६ साली दीडशेच्या आसपास असलेल्या प्राण्यांची संख्या आज हजारावर गेली. त्यांना पकडणारे मूल मात्र जिथल्या तिथे उभे. वस्तूंचा संचय अमर्याद आणि माणसाची वाढ शून्य, हे भांडवलशाहीचे स्वप्न याहून सुबकपणे क्वचितच चितारले गेले असेल. मागील पराभवातून काही न शिकणारा, जुन्या सोबत्यांची फारशी आठवण न काढणारा, दर हंगामात नव्या उमेदीने नवी खरेदी करणारा माणूस बाजाराला हवा असतो. संपाचा, आंदोलनाचा, फसलेल्या आश्वासनांचा इतिहास लक्षात ठेवणारा माणूस त्याला परवडत नाही.

श्रमाचे चित्रणही असेच बोलके आहे. मूळ खेळात हरणारा जिंकणाऱ्याला पैसे देतो. मालिकेत तो पैसा बहुतेक अदृश्य झाला आहे. मुले वर्षानुवर्षे प्रवास करतात, जेवतात, आणि खर्च कोण भागवतो हे कोणी विचारीत नाही. (जखमी प्राण्यांवर तेथे मोफत उपचार होतात, एवढी एकच गोष्ट येथल्या आरोग्यखात्याने उचलण्याजोगी आहे.) या सुखी जगात उपाशी राहणारे, फुटकळ कामे करून पोट भरणारे आणि मालकाची बोलणी खाणारे कोण? तर जेसी, जेम्स आणि मियाउथ हे चोरांचे त्रिकूट. प्रत्येक भागाच्या शेवटी ते आकाशात भिरकावले जातात आणि मुले हसतात. चोरी करविणारा त्यांचा मालक मात्र आपल्या खुर्चीत सुखरूप असतो. दारिद्र्य म्हणजे विनोद, आणि गरीब म्हणजे सदैव फसणारा लबाड, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा येथे अधिक परिणामकारकपणे दिला जातो.

यावर एक आक्षेप हमखास येईल आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ठराविक साचा, पुनरावृत्ती, माहीत असलेला शेवट हे तर लोककलेचेच लक्षण नव्हे काय? आष्ट्यातील चौंडेश्वरीच्या भावईत मुखवटे चढवून होणारा खेळ गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे. तमाशातही गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम ठरलेलाच असतो. मग दोष एकट्या जपानी कार्टूनलाच का?

आक्षेप योग्य आहे, पण तो अर्ध्यावर थांबतो. संकेत असणे हा दोष मुळीच नाही. प्रश्न संकेताच्या मालकीचा आहे. भावईत खेळणाराही गावचा आणि पाहणाराही गावचा. अशा उत्सवांतील मानपानात गावगाड्याची जुनी उतरंड दडलेली असते, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही तो खेळ संपतो, मुखवटे उतरतात आणि माणसे शेताकडे वळतात; पुढच्या वर्षीचा खेळ पाहण्यासाठी कोणाला नवा मुखवटा विकत घ्यावा लागत नाही. आणि संकेत लोकांच्या हाती असला की तो बदलताही येतो. ज्या वाळवे तालुक्यात आष्टा आहे, त्याच तालुक्यातील वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी हे करून दाखविले. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यांनी गणातील देवतावंदनाच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले, गवळण गाळली आणि वगात सावकार, मालक आणि मजूर उभे केले. साचा जुनाच होता. त्यात राबणाऱ्याचे मन ओतले गेले. पोकेमॉनचा साचा बदलण्याचा असा अधिकार आष्ट्याच्याच काय, टोकियोच्या मुलालाही नाही.

त्या साच्यातही कधीकधी माणुसकी डोके वर काढते, हे मान्य करायला हवे. पहिल्याच भागात पिकाचू चेंडूत कोंडून घ्यायला साफ नकार देतो. पुढे एका भागात नायक आपले फुलपाखरू त्याच्या थव्यात सोडून देतो. पकडणे हाच ज्या जगाचा धर्म, त्या जगात हे दोन्ही प्रसंग बंडाचे आहेत, आणि मुलांच्या मनात घर करून राहिले आहेत ते असेच प्रसंग. परंतु बंडाचेही काय झाले? चेंडूबाहेर चालणारा पिकाचू लोकप्रिय होताच १९९८ साली खेळाची पिवळी आवृत्ती निघाली. तीत पिकाचू खेळणाऱ्याच्या मागे मागे चालतो. नकारालाही किमतीची चिठ्ठी लागली.

हे सारे अटळ होते असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९८४ साली मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींच्या वेळेवरचे निर्बंध सरकारने उठविले, आणि खेळण्यांवर बेतलेल्या कार्टूनना रान मोकळे झाले. १९९० साली मर्यादा पुन्हा घालाव्या लागल्या. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यास १९८० पासून बंदी आहे. भारतात २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत मुलांचा विचार आहे. परंतु संपूर्ण मालिकाच जाहिरात असेल तर काय? कायदा तिला कार्यक्रम म्हणतो आणि बाजूला होतो.

येथील सार्वजनिक चर्चेने या प्रश्नाला कधी हात घातला नाही. २०१६ साली ‘पोकेमॉन गो’ हा मोबाईलवरील खेळ आला, तेव्हा गुजरात उच्च न्यायालयात याचिका झाली ती कशासाठी? खेळातील अंडी देवळांत दिसतात, म्हणून भावना दुखावतात यासाठी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रिलायन्स जिओशी करार होऊन खेळ भारतात रीतसर आला आणि रिलायन्सची दुकाने खेळातील ठाणी बनली. देवळातल्या काल्पनिक अंड्याने ज्यांचा धर्म बुडत होता, त्यांना मुलांचा खेळ एका मक्तेदाराच्या दुकानाच्या उंबऱ्याशी नेऊन बांधलेला दिसला नाही. परकीय म्हणून बंदी घाला, ही मागणी म्हणूनच खोटी आहे. उद्या तोच साचा स्वदेशी नावाने, स्वदेशी देवादिकांना घेऊन आला, तर ही मंडळी त्याचे स्वागतच करतील.

मग कार्यकर्त्यांनी करावे काय? मुलाच्या हातून पडदा हिसकावून घेणे हा उपाय नव्हे. मोकळ्या हातात दुसरे काही द्यावे लागते. वस्तू विकण्यासाठी रचलेल्या मालिकांना जाहिरातीचे नियम लागू करा, ही मागणी पक्षाच्या कार्यक्रमात आली पाहिजे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या वाचनालयांत बालविभाग जिवंत आहे की कुलपात आहे, हे पाहण्यासाठी मोर्चाची गरज नाही, एक सायंकाळ पुरे. आणि चळवळीने स्वतःच्या बालसाहित्याकडेही डोळे उघडून पाहावे. उपदेशाचे काढे पाजून कोणतेही मूल पिकाचूपासून दूर होणार नाही.

गोष्टींची वाण या मातीत नाही. १९४२ नंतर याच कृष्णाकाठी क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची आगगाडी अडवून लुटली गेली. मुलाने श्वास रोखून ऐकावी अशीच ही गोष्ट आहे. तिच्यातील माणसे दहा वर्षांची राहिली नाहीत. ती वाढली, चुकली, निरनिराळ्या पक्षांत गेली, म्हातारी झाली आणि गेली. म्हणूनच ती गोष्ट संपते. आणि संपते म्हणूनच ऐकणारे मूल विचारते, पुढे काय झाले, आणि आता कोणी काय करायचे? हा प्रश्न मुलाच्या तोंडून निघू नये, यासाठीच बाजार आपली गोष्ट संपू देत नाही.