आधी वायर पाहा, मग बॉक्स बदला



आमच्या वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या टी.व्ही.वरील चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागले, आवाज अडखळू लागला आणि शेवटी पडद्यावर ‘नो सिग्नल’ एवढेच उरले. दुरुस्तीवाल्याने पत्र्यावरची छत्री न पाहताच ‘बॉक्स गेला, नवा घ्या’ असे सांगितले. मुलीच्या वह्या-पुस्तकांसाठी डब्यात ठेवलेले पैसे मावशी काढणार, एवढ्यात शेजारच्या मुलाने आपल्या घरचा चालू बॉक्स आणून मावशींच्या वायरीला लावला. तोही चालेना! म्हणजे बॉक्स चांगला होता, दुखणे वायरीत होते.

दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये ‘डी.डी. डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू केलेली ही सेवा आज ‘डी.डी. फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते. तिला महिन्याचे भाडे नाही. ‘सह्याद्री’ही दिसते आणि मुलांसाठी शाळेच्या अभ्यासाच्या वाहिन्याही दिसतात. म्हणून ती बंद पडली की घरातील लहानथोर सर्वांचीच गैरसोय होते.

जुन्या ॲन्टेनाच्या काळात सिग्नल कमी झाला तर पडद्यावर मुंग्या येत, तरी चित्र दिसत राही. डिजिटलचे तसे नाही. सिग्नल पुरेसा आहे तोवर चित्र स्वच्छ, जरा कमी पडला की सारेच बंद. त्यामुळे वायरीतला लहानसा दोषही मोठा बिघाड वाटतो.

तपासणी पुढील क्रमाने करावी.

१) जोराच्या सरीपुरते चित्र जाऊन पाऊस ओसरताच परत येत असेल, तर काळजी नको. ढग आणि पाऊस सिग्नल अडवतात. पाऊस थांबल्यावरही चित्र तुटत असेल किंवा वायर हलवताच येत-जात असेल, तर जोडणीत दोष आहे असे समजावे.

२) वायरीला हात लावण्यापूर्वी बॉक्सचा प्लग भिंतीतून काढावा. बॉक्स याच वायरीतून छत्रीवरील एल.एन.बी.ला १३ ते १८ व्होल्टची वीज पुरवतो. चालू स्थितीत मधली तार आणि बाहेरची जाळी एकमेकांना टेकली, तर चांगला बॉक्सही बिघडू शकतो.

३) बॉक्सच्या मागचा कनेक्टर उघडून पाहावा. मधली तार सरळ, चकचकीत आणि कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर आलेली असावी. जाळीचा एकही केस तिला टेकता कामा नये. तार काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून टोक नव्याने सोलावे.

४) घरातून छतापर्यंत वायर नजरेखालून घालावी. दारा-खिडकीत चेपलेली, खिळ्याने टोचलेली, उंदराने कुरतडलेली किंवा काटकोनात मोडलेली जागा शोधावी. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला जॉइंट हा तर हमखास शत्रू! शक्यतो जॉइंट नसलेली अखंड वायर घालावी. विकत घेताना आर.जी.-६ प्रकारची ७५ ओहमची मागावी. बारीक, स्वस्त वायरीत वाटेतच सिग्नल खूप घटतो.

५) शेवटी एल.एन.बी.जवळचा कनेक्टर पाहावा. मावशींच्या घरचा दोष इथेच सापडला. आत पाणी शिरून तांब्याला हिरवा गंज चढला होता. अशा वेळी स्वच्छ तांबे दिसेपर्यंत वायर कापावी. जाळी आतपर्यंत काळी झाली असेल, तर वायर नवीच घालावी. कनेक्टरवर रबरी टोपी किंवा पाणी न शिरणारी टेप लावावी. वायर घरात शिरते तिथे तिला खाली झोका द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडते.

एवढे करून बॉक्सच्या मेनूत ‘सिग्नल क्वालिटी’ पाहावी. नुसती ‘स्ट्रेंग्थ’ भरपूर दिसून भागत नाही. वायर ठीक असून क्वालिटी येत नसेल, तर वाऱ्याने छत्री हलली असेल. महाराष्ट्रातून तिचे तोंड आग्नेय दिशेला असावे लागते. मात्र ती नेमकी बसवणे जाणकाराकडूनच करून घ्यावे.

एक कळकळीची सूचना. ओल्या पत्र्यावर किंवा विजेच्या तारांजवळच्या छतावर कोणीही चढू नये, मुलांना तर मुळीच चढवू नये. टी.व्ही. दोन दिवस बंद राहिला म्हणून काही बिघडत नाही.

मावशींचे काम एका नव्या कनेक्टरवर आणि हातभर वायर कापून भागले. डब्यातले पैसे डब्यातच राहिले आणि त्याच आठवड्यात मुलीच्या वह्या आल्या. आपल्या घरीही कोणी ‘बॉक्स गेला’ म्हणाले, तर आधी शेजाऱ्यांचा बॉक्स लावून पाहावा, मगच पैसे मोजावेत.