मुलाशी बोलणार कोण?

मागच्या महिन्यात फैजपूरला नात्यातल्या एका घरी दोन दिवस मुक्काम होता. घर केळीच्या व्यवसायातलं, माणसं मोकळी. बैठकीत साडेतीन वर्षांची मुलगी मोबाइल घेऊन बसली होती आणि त्यावर इंग्रजी गाणी चालू होती. मी शेजारी बसून विचारलं, "काय बघतेस बेटा?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आई घाईनं म्हणाली, "से, से! टेल नानी!" मुलगी गप्पच.

संध्याकाळी चुलीपाशी खरं काय ते कळलं. मुलीला इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातलं आहे. पालकसभेत बाईंनी सांगितलं होतं की घरातही इंग्रजीच बोला, उर्दू-मराठी बोललात तर मूल मागे पडेल. आई बारावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली. "मला जेवढं येतं तेवढंच बोलते, आपा," ती म्हणाली. येतं किती? कम, सिट, ईट फास्ट, डोन्ट क्राय, गुड गर्ल. फार तर वीस-पंचवीस शब्द. दादीला तर सक्त ताकीद होती, त्यामुळे दादीनं नातीशी बोलणंच सोडलं होतं. रात्रीच्या गोष्टी बंद आणि "पल्लू में क्या है बता" हा खेळही बंद. ज्या घरात दिवसभर चार माणसं बडबडायची, तिथं मुलीच्या कानावर आता वीस-पंचवीस हुकूम पडत होते. बाकी सगळा मोबाइल.

त्या बाईंचा हेतू वाईट नसावा. पण सल्ला उलटा होता.

मुलाचा कान किती लवकर तयार होतो, हे पाहण्यासाठी कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी केलेलं एक काम प्रसिद्ध आहे. ते 1984 साली छापून आलं. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना आपल्या हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. इंग्रजी माणसाला हा फरक सहसा कळत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना मात्र तो कळला. तीच परीक्षा दहा-बारा महिन्यांच्या बाळांची घेतली, तेव्हा बहुतेकांना फरक कळेनासा झाला होता. हिंदी घरांतल्या बाळांना त्या वयातही तो कळत होता. म्हणजे वर्षाच्या आत कान आपल्या घरच्या आवाजांवर बसतो. आपण उर्दू-मराठी बोलणारे मोठेपणी तजवीद शिकायला बसलो की छोटी हे आणि मोठी हे, ज़ाल, ज़े आणि ज़ो यांत गोंधळतो, त्याचं मूळ इथंच आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, मग लवकर मोबाइल लावलेला बरा! थांबा. अमेरिकेत सिॲटलला पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना त्यांनी चिनी भाषा ऐकवली, एकूण बारा बैठका आणि प्रत्येक बैठक सुमारे पंचवीस मिनिटांची. एका गटाजवळ चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, पुस्तक वाचली, खेळणी दाखवत बोलली. दुसऱ्या गटाला त्याच माणसांची चित्रफीत दाखवली. पहिल्या गटाला चिनी आवाजांतला फरक कळू लागला. पडद्यासमोरची बाळं मात्र होती तिथंच राहिली. शब्द तेच, आवाज तोच, पण बाळाच्या डोळ्यांत पाहून बोलणारं माणूस समोर नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2019 मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको.

आपल्या बुजुर्गांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. सीरतच्या किताबांत येतं की मक्केतली घराणी तान्ही मुलं वाळवंटातल्या टोळ्यांत दाईकडे ठेवत. पैगंबर मुहम्मद (सल्ल.) बनू साद टोळीच्या हलीमा सादिया (रजि.) यांच्याकडे वाढले. तिथली हवा मोकळी, आणि तिथली अरबी अस्सल मानली जाई. भाषेचा उस्ताद नेमून ती शिकवली जात नव्हती. दूध पाजणारी, बकऱ्या चारणारी, अंगाखांद्यावर खेळवणारी माणसं जे बोलत, तेच मूल उचलत असे.

फैजपूरच्या मुलाला तर भाषांची ददात नाही. घरात उर्दू, गल्लीत लेवा बोली, बाजारात मराठी, सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या तडवी बिरादरीची वेगळी बोली, भुसावळला गेलं की रेल्वेची हिंदी. चार वर्षांचं पोर कुणाशी काय बोलायचं ते बरोबर ओळखतं. दोन-तीन भाषा ऐकल्यानं मूल मुकं होत नाही. एकेका भाषेतले शब्द थोडे कमी दिसतील, पण सगळ्या मिळून मोजले तर ते इतर मुलांच्या बरोबरीचं असतं. "अम्मी, मला वॉटर दे" असं मिसळून बोललं तर हसू नका, टोकूही नका. एक मात्र लक्षात ठेवा. दोन वर्षं उलटली आणि मूल कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, तर भाषेला दोष न देता डॉक्टरांना दाखवा आणि कान तपासून घ्या.

मग इंग्रजी शिकवायचीच नाही का? जरूर शिकवा. घरात चांगलं इंग्रजी बोलणारं कुणी असेल, कॉलेजात जाणारी फुफी किंवा चाचा, तर त्यांना एक वेळ ठरवून द्या. आंघोळीची म्हणा, केस विंचरण्याची म्हणा. त्या वेळी पाणी, साबण, टॉवेल, थंड, गरम, सगळं इंग्रजीत. रोज तेच माणूस, तेच काम, म्हणजे मुलाला अर्थ हातात सापडतो. बाकी दिवस आपली भाषा, भरपूर आणि पोटभर. चित्रांचं इंग्रजी पुस्तक असेल तर चित्रं दाखवा आणि गप्पा उर्दूत मारा, बिघडत काही नाही. ए फॉर ॲपल घोकून घेणं म्हणजे इंग्रजी नव्हे. कायद्यातली अक्षरं ओळखली म्हणजे अरबी आली असं होत नाही, तसंच ते.

आणि घरात असं कुणीच नसेल, तर जीव खाऊ नका. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी आहे, उर्दू आणि मराठी शाळांतही. सात-आठ वर्षांची मुलं वर्गात शब्द आणि वाक्यरचना लहानांपेक्षा भराभर उचलतात. लहानांची आघाडी असते ती मुख्यतः उच्चारात, आणि तीही समोर नीट बोलणारं माणूस असेल तरच. आईच्या मोडक्या इंग्रजीतून मुलाला चांगलं इंग्रजी मिळत नाही, आणि तिच्या सुंदर उर्दूला ते मुकतं. गोष्ट सांगणं, कारण विचारणं, रुसवा काढणं, हे सगळं मूल आधी एका भाषेत पक्कं शिकतं. दुसरी भाषा त्याच पायावर चढते.

मी निघताना त्या आईला एवढंच म्हटलं, की शाळेचं शाळेत चालू दे, घरात तू तुझ्या जिभेनं बोल आणि दादीला मोकळं सोड. तिला पटलं की नाही, तेव्हा कळलं नाही. परवा तिचा फोन आला. मुलगी आता दादीची उस्तानी झाली आहे म्हणे. अंगणात केळीचा घड आला, तशी बोट दाखवून दादीला सांगू लागली, "दादी, बनाना!" दादी म्हणाली, "क्या बनाना है, बेटा?" मुलगी पुन्हा, "बनाना!" दादी पुन्हा, "अरे, मगर क्या बनाना?" पोरगी हसून हसून लोळली, आणि मग पंधरा मिनिटं दादीला उर्दूत समजावत बसली की बनाना म्हणजे काय.