खर्जाची बाजू

घरातल्या संगीतयंत्रणेला सबवूफर जोडावा की नाही, यावर गाणं समजणारी माणसं आणि आवाज आवडणारी माणसं कायम भांडत असतात. गंमत म्हणजे दोघांची समजूत एकच आहे: सबवूफर म्हणजे दणका. पहिल्यांना दणका नको म्हणून डबा नको, दुसऱ्यांना दणका हवा म्हणून डबा हवा. माझं म्हणणं असं, की नीट बसवलेला सबवूफर दणका देत नाही. मुख्य स्पीकरांना जिथे दम लागतो, तिथून खालचं संगीत तो मुकाट्याने उचलतो. त्याची गरज सिनेमापेक्षा गाण्याला जास्त आहे, आणि मोठ्या आवाजात ऐकणाऱ्यापेक्षा हळू ऐकणाऱ्याला जास्त आहे. हे पटवायचं तर आधी विरुद्ध बाजू नीट ऐकून घ्यायला हवी, कारण तिच्यातलं बरंचसं खोटं नाही.

या डब्याची बदनामी मुळात रस्त्यावर झाली. विसर्जन मिरवणुकीत गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत ज्याच्या खिडकीखालून गेली आहे, त्याला छातीत काय होतं आणि तावदानांत काय होतं हे सांगायला नको. तो राग न्याय्यच आहे. कायदाही तिथे तोकडा पडतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, पण ती मोजायची ‘ए’ भारित डेसिबलमध्ये. हे माप ५० हर्ट्झचा आवाज तब्बल ३० डेसिबलने कमी धरतं. म्हणजे ज्या आवाजाने घर थरथरतं, तोच मीटरच्या हिशेबात सगळ्यांत कमी भरतो. पण यातून घरातल्या डब्यावर गुन्हा शाबीत होत नाही. ती भिंत गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावी म्हणून रचलेली असते. घरातला डबा दहा फुटांवरच्या एका सोफ्यासाठी असतो.

दुसरा आरोपी मात्र घरातलाच. पाच चिमुकले स्पीकर आणि एक तथाकथित सबवूफर एकाच खोक्यात देणारे संच लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत सगळीकडे विकले गेले. खोक्यावर पीएमपीओमध्ये हजारो वॅट छापलेले. हे माप क्षणभराच्या झटक्याचं, आणि अखंड देता येणारी शक्ती त्याच्या कैक पटींनी कमी. वॅटची ही फेकाफेकी एक वेळ सोडून देऊ. खरा दोष असा, की दोन-अडीच इंची ते स्पीकर दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली उतरूच शकत नाहीत. मग उरलेलं सगळं त्या डब्याच्या गळ्यात पडतं आणि बातम्या सांगणाऱ्याचा निम्मा आवाज टीव्हीतून, निम्मा टीपॉयखालून येऊ लागतो. ८० हर्ट्झच्या खाली लहर चार मीटरांहून लांब होते आणि आपल्या दोन कानांत अंतर जेमतेम वीतभर. त्यामुळे तिथे आवाजाची दिशा कळत नाही. दीडशेला चांगली कळते. असा संच ऐकून ज्याने ‘सबवूफर म्हणजे घुमणारा डबा’ असं ठरवलं, त्याने जे ऐकलं त्याचा निवाडा बरोबर केला. फक्त त्याने सबवूफर ऐकला नव्हता.

आता रसिकांचा वजनदार आक्षेप. आपल्या संगीतात इतकं खाली आहे तरी काय? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ हर्ट्झ. डग्ग्याचा मूळ नाद शंभराच्या खालीवर. पाच इंची पडद्याचा चांगला बुकशेल्फ स्पीकर साठाच्या आसपास दमतो. म्हणजे हवं ते सगळं येतंच की. शिवाय जवारीमुळे तानपुऱ्यात मूळ कंपनापेक्षा वरचे स्वरांश प्रबळ असतात आणि मूळ कंपन गाळलं तरी मेंदू वरच्या स्वरांशांवरून तो स्वर जुळवून घेतो. म्हणून तर मोबाइलवरचा तानपुराही सुरात वाटतो. हे सगळं मला मान्य. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरचं नाट्यसंगीत हेच ज्याचं ऐकणं, त्याने तर सबवूफरवर एक पैसाही घालू नये. त्या मुद्रणात इतक्या खाली बहुतेक यंत्राची घरघरच सापडेल आणि सबवूफर ती इमानाने ऐकवेल.

पण मेंदू जुळवतो तो स्वर, त्याचं वजन तो आणू शकत नाही. आणि ‘साठाच्या आसपास दमतो’ याचा अर्थ साठापर्यंत ताजातवाना असतो असा नाही. ऐंशी-नव्वदला त्याचा पडदा आधीच बराच पुढेमागे हलत असतो आणि तोच पडदा त्याच वेळी गायकाचा आवाजही देत असतो. धा वाजवून तबलजी तळवा पुढे रेटतो तेव्हा डग्ग्याचा नाद खालून वर सरकतो. छोट्या स्पीकरवर त्या घसरगुंडीचा वरचा भाग तेवढा कळतो. ती कुठून निघाली ते हरवतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात ती कशासाठी? नाद खाली उतरावा, जड व्हावा यासाठीच. वाजवण्याआधी कणीक मळून लावायची, वाजवून झाल्यावर खरवडून काढायची, असा खटाटोप ज्या परंपरेने केला, तिला खालच्या नादाची पर्वा नव्हती असं म्हणायला बरंच धाडस लागतं. नव्या संगीताबद्दल तर वादच नको. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. अशा वाद्यवृंदातल्या डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची असते. ती तार पाच इंची स्पीकरवर ऐकण्याचा आग्रह धरायचा असेल तर मग वादक एवढ्या लांब जाऊन कशाला शोधायचे?

‘पण मी हळूच ऐकतो, मला कशाला हवा?’ हा प्रश्न मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकला आहे आणि त्याचं उत्तर नेमकं उलटं आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं, की आवाज कमी केला की कान सगळे स्वर सारखे कमी ऐकत नाही. खालचे आधी सोडतो. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा ५० हर्ट्झचा वाटायला आजच्या मानकानुसार सुमारे ७८ डेसिबल लागतात. मैफलीत समोर बसून ऐकलेला डग्गा रात्री मुलं झोपल्यावर दबक्या आवाजात लावला की त्याची नुसती टिचकी उरते, ती यामुळे. मोठ्याने ऐकणाऱ्याला खालचे स्वर आपसूक मिळतात. ज्याला शेजार आहे, झोपलेलं घर आहे, त्यालाच ते वेगळे उचलून द्यावे लागतात. ‘मग बेसचं बटण फिरवा की!’ फिरवा. पण सहा डेसिबल वाढवायचे तर पडदा दुप्पट हलावा लागतो आणि एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज काढायचा तर चौपट हवा ढकलावी लागते. पाच इंची पडद्याने ती कुठून ढकलावी?

मोठे टॉवर स्पीकर घेतले की काम भागतं, असं दुसरा पक्ष म्हणतो. काही वेळा भागतंही. पण गायक समोर बसल्यासारखा वाटावा म्हणून स्पीकर जिथे ठेवावे लागतात, ती जागा खालच्या स्वरांसाठी क्वचितच चांगली असते आणि टॉवरमधला वूफर काढून दुसऱ्या भिंतीला नेता येत नाही. (रिसीव्हरच्या मेन्यूत आपल्या लाखभराच्या टॉवरला ‘स्मॉल’ म्हणावं लागतं याचा अनेकांना अपमान वाटतो. तिथे ‘स्मॉल’चा अर्थ एवढाच, की ८० हर्ट्झच्या खालचं काम दुसऱ्याकडे सोपवलं.)

सबवूफर ‘मंद’ असतो, तबल्याच्या मागून धापा टाकत येतो, हा आरोप मात्र कानाने ऐकलेला असतो, त्यामुळे तो झटकून टाकता येत नाही. ऐकलं ते खरं, कारण चुकीचं. थापेचा टणत्कार वरच्या स्वरांत असतो आणि तो मुख्य स्पीकरांतून येतो. ८० हर्ट्झच्या खाली चपळ असं काही नसतंच. काही सछिद्र डबे थोडे रेंगाळतात हे कबूल. पण रेंगाळण्याचा मोठा वाटा खोलीचा असतो.

खोलीपाशी थोडं थांबायला हवं. भिंतीभिंतींमधलं अंतर लहरीच्या लांबीच्या निम्मं झालं की तो स्वर खोलीत अडकतो, फुगतो आणि लवकर विरत नाही. आपल्याकडचा साधा हॉल घ्या, १५ फूट बाय १० फूट, उंची साडेनऊ. लांबीचा अनुनाद ३७ हर्ट्झच्या जवळ, रुंदीचा ५६च्या, उंचीचा ५९च्या. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे दोन अनुनाद एकमेकांच्या डोक्यावर बसतात आणि कुठलंही गाणं लावा, तोच एक ‘घूं’ ऐकू येतो. अमेरिकी पुस्तकांतला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, कारण तिथल्या लाकडी चौकटीवरच्या जिप्समच्या भिंती लवतात आणि खालचे स्वर थोडे शोषून घेतात. आपली वीट, सिमेंट आणि स्लॅब ते जसेच्या तसे परत फेकतात. अशा खोलीत कोपऱ्यात ठेवलेला डबा सगळे अनुनाद एकदम पेटवतो. आणि आपल्या घरांत डबा कोपऱ्यातच जातो, कारण तिथेच जागा उरलेली असते.

म्हणून काहीजण म्हणतात, की एवढ्याशा फ्लॅटमध्ये सबवूफर नकोच. इथे भौतिकशास्त्र त्यांच्या विरुद्ध आहे. खोलीच्या सर्वांत खालच्या अनुनादाखाली लहर खोलीत मावतच नाही. बंद खोलीतली हवा एकदम दाबली जाते आणि सोडली जाते. खोली जितकी लहान आणि भिंती जितक्या घट्ट, तितका हा दाब वाढतो. बंद डब्याचा सबवूफर नेमका त्याच पट्ट्यात उतरत जातो, आणि त्याचं उतरणं खोलीचं चढणं बऱ्याच अंशी भरून काढतं. स्वयंपाकघराकडे उघडा असलेला हॉल यातलं काही गळू देतो, पण ५६च्या फुगवट्यालाही तेवढीच गळती मिळते. मोठ्या बंगल्याच्या दिवाणखान्यात जे काम दोन अजस्र डब्यांना जमत नाही, ते छोट्या खोलीत दहा इंची बंद डबा करून दाखवतो.

शेजाऱ्यांचा प्रश्न राहिला. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खालचे स्वर भिंतीतून जास्त जातात हे खरं. पण मघाचाच कान आता शेजाऱ्याच्या बाजूने उभा राहतो: ५० हर्ट्झचा आवाज ऐकू यायलाच सुमारे ४४ डेसिबल लागतात. तुमच्या सोफ्यावर ७५ डेसिबल असतील आणि मधल्या भिंतीने ३५ अडवले, तर पलीकडे तो ऐकू येत नाही. सिनेमागृहाच्या मापाने लावला तर गोष्ट वेगळी. तिथे खालच्या स्वरांच्या स्वतंत्र वाहिनीला ११५ डेसिबलपर्यंत उसळायची मुभा असते. इमारतीत राहणाऱ्याने तसा सिनेमा पाहू नये, एवढंच मी म्हणेन. डब्याखाली रबराचा जाड थर घालावा, म्हणजे थेट लादीतून उतरणारी थरथर तरी कमी होते.

सिनेमावाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १९७४च्या ‘अर्थक्वेक’साठी चित्रगृहांत प्रचंड वूफर रचले गेले तेव्हापासून खालचा आवाज हा कथेचा भाग झाला आहे. घरी ५.१ मधलं ते ‘पॉइंट वन’ म्हणजे हीच वाहिनी. पाच वाहिन्यांचं दोनात रूपांतर करताना ती सहसा सरळ टाकून दिली जाते. टीव्हीच्या स्पीकरवर सिनेमा ‘पूर्ण’ ऐकला असं समजणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं.

दुसऱ्या बाजूचे दणकावादीही सुटू नयेत. दुकानात स्फोटाचा प्रसंग लावून डबा विकला जातो, घरी आल्यावर त्याची पातळी तशीच राहते आणि आठवड्याभरात घरातलं कोणीतरी तो बंद करायला लावतं. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. तानपुरा ऐकायला कोणी मैफलीला जात नाही, पण मधेच तो थांबला तर सगळ्यांच्या माना वळतात. सबवूफरची पातळी याच कसोटीवर लावावी. ओळखीचं गाणं लावा. डबा कुठे आहे हे बोटाने दाखवता आलं तर आवाज जास्त आहे. मधेच त्याची वायर काढल्यावर काही फरक पडला नाही तर कमी आहे.

जागा शोधायची जुनी युक्ती हास्यास्पद आहे आणि अचूक आहे. डबा ऐकणाऱ्याच्या जागी, चक्क सोफ्यावर ठेवायचा, पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा बेस असलेलं गाणं लावायचं आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील, तिथे डबा. ही जागा बहुधा कोपरा नसते. त्यानंतरच क्रॉसओव्हर ८०च्या आसपास लावावा, फेजचं बटण दोन्हीकडे करून पाहावं आणि रिसीव्हरचा मायक्रोफोन असेल तर त्याला काम करू द्यावं. तो फुगवटा कापू शकतो. जिथे खोलीच स्वर गिळते तो खड्डा मात्र त्याला भरता येत नाही. तो भरायच्या प्रयत्नात ॲम्प्लिफायर नुसता तापतो.

खड्ड्यावर खरा उपाय दुसरा डबा. हे ऐकून रसिक आणि दणकावादी दोघंही दचकतात, एक खर्चाने आणि एक आनंदाने. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर हा अगदी थोडक्यात भागणारा आणि चांगला पर्याय ठरला. त्या रचनेत लांबीचा पहिला अनुनाद दोघांमध्ये रद्द होतो आणि एकाच जागेऐवजी पूर्ण सोफ्यावर आवाज जवळपास सारखा राहतो. तेव्हा ज्याच्याकडे एका बारा-पंधरा इंची डब्याचे पैसे आहेत, त्याने त्याच पैशांत आठ किंवा दहा इंची दोन बंद डबे घ्यावेत: एक टीव्हीच्या टेबलाखाली, एक सोफ्याच्या पाठीमागे. आणि ज्याच्याकडे एकाचेच पैसे आहेत, त्याने एक घेऊन खोलीत रांगावं.