शहाडचे खड्डे: जखमेला भरपाई, वाकलेल्या रिंगचा भुर्दंड मात्र स्वारालाच

शहाड : मुरबाडकडून कल्याण स्टेशन गाठणाऱ्या बहुतेकांचा रस्ता रायते, कांबा, वरप, म्हारळ करत शहाडच्या पुलावरूनच जातो. दूधवाले, भाजीवाले, कंपनीतली पाळी गाठणारी पोरं, सगळे दुचाकीवर. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, मागे ट्रक असला की ब्रेकही दाबता येत नाही. चाक धाडकन आदळतं. पडलो नाही ना, मग झालं, असं म्हणत गाडी पुढे निघते.

खड्ड्यांवर मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मोठा निकाल दिला. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमीला दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये. पैसे महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण अशा, ज्याचा रस्ता त्या यंत्रणेने द्यायचे आणि नंतर दोषी अधिकारी-ठेकेदाराकडून वसूल करायचे. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांनी दुचाकीस्वारांचे बळी घेतले होते, त्यामुळे या निकालाचं मोल इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

पण ही रक्कम जिवाची आणि जखमेची. गाडीच्या रिंगला त्यात जागा नाही. आणि खरा धोका तिथेच लपलेला असतो, कारण आज वाकलेली रिंग दगा देते ती महिन्याभराने, मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना. तेव्हा तिथे खड्डा नसतो, मग अपघाताचं खापर स्वारावरच फुटतं.

तपासायला गॅरेजच लागतं असं नाही. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, चाक हाताने फिरवावं आणि पेन्सिल एका जागी घट्ट धरून तिचं टोक रिंगच्या काठाजवळ आणावं. फट कमीजास्त होत असेल तर रिंग आउट आहे. बऱ्याच गाड्यांच्या सर्व्हिस पुस्तकात आडवी आणि उभी, दोन्हीकडची मर्यादा २ मिलिमीटर दिलेली असते. तारांचं चाक असेल तर एकेक तार पान्याने हलकेच वाजवावी. बाकीच्या खणखणतात, सैल तार बद्द वाजते. चाक दोन्ही हातांनी धरून हलवल्यावर खडखड आली तर दोष बेअरिंगचा असू शकतो. ट्यूबलेस टायरची हवा पंक्चर नसताना उतरत असेल तर काठावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का बघावं.

तारांची रिंग जाणता कारागीर तारा आवळून बऱ्यापैकी सरळ करतो. अलॉयला तडा गेला असेल तर मात्र वेल्डिंग करून चालवू नये, चाकच बदलावं. हा खर्च पगारातून जातो, म्हणून अनेकजण तडा दिसत असतानाही गाडी तशीच दामटतात.

पडून मार लागला असेल तर खड्ड्याचा आणि चाकाचा फोटो त्याच दिवशी काढावा, पोलीस ठाण्यात नोंद करावी, दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. खड्डा पंधरा दिवसांत बुजवला जाऊ शकतो. मग तो तिथे होता हे दाखवायला फोटोशिवाय काही उरत नाही.