आकाशातली खूण आणि मोबाइलवरची बातमी

कुठे मोठा भूकंप झाला की दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातल्या मोबाइलवर ढगांचे फोटो येऊ लागतात. ‘आकाशाने आधीच सांगितले होते’ असे खाली लिहिलेले असते. पुढे इशारा असतो की आज रात्री पुन्हा हादरा बसणार, घरात झोपू नका. आणि हा मेसेज दहा जणांना पाठवून सवाब मिळवा. तुमच्याही घरी तो येतच असेल. आकाश खरेच काही सांगते का?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शास्त्रज्ञही हा शोध घेत आहेत. जमिनीखालच्या खडकांवर ताण वाढला की त्यांना बारीक भेगा पडतात. त्यांतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू बाहेर पडतो आणि हवेतला विद्युतभार बदलतो. त्याचा परिणाम वर आयनमंडलापर्यंत पोहोचत असावा, असा काहींचा अंदाज आहे. तो तपासण्यासाठी फ्रान्सने 2004 मध्ये आणि चीनने 2018 मध्ये खास उपग्रह सोडले.

11 मार्च 2011 रोजी जपानमध्ये 9 तीव्रतेचा भूकंप झाला. होक्काइडो विद्यापीठाचे कोसुके हेकी यांनी नंतर जीपीएसच्या नोंदी तपासल्या. हादऱ्याच्या सुमारे 40 मिनिटे आधी त्या भागावरच्या आयनमंडलात इलेक्ट्रॉन वाढलेले त्यांना दिसले. इतर संशोधकांनी हरकत घेतली. त्यांच्या मते भूकंप आणि त्सुनामीनंतर तिथले इलेक्ट्रॉन कमी झाले, म्हणून आधीचे वाढल्यासारखे भासले. शिवाय सूर्यावरच्या वादळांनीही आयनमंडल ढवळून निघते, तेव्हा भूकंप होतोच असे नाही. मुख्य म्हणजे ही खूण सापडली ती भूकंप होऊन गेल्यावर.

इटलीत 2009 साली एका तंत्रज्ञाने रेडॉनच्या नोंदींवरून भूकंपाचा इशारा दिला होता. त्याचा रोख सुल्मोना गावाकडे होता. तिथे काही झाले नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 6 एप्रिलला, लाक्विला शहर हादरले आणि 300 हून अधिक माणसे गेली. इशारा एका गावाला, हादरा दुसऱ्या गावाला. अशा इशाऱ्यावर कोणी कुठे पळावे?

अशा वेळी आम्हाला मदीनेतला एक प्रसंग आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र हजरत इब्राहीम यांचे निधन झाले, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, सूर्यानेही शोक केला. पण कोणाच्या मरणाने किंवा जन्माने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही, हे प्रेषितांनी (स.) स्पष्ट सांगितले. पुत्रशोकाच्या त्या घडीलाही त्यांनी दोन घटनांची खोटी सांगड घालू दिली नाही. आणि आलेल्या बातमीची खातरजमा करा, ही तर सूरह हुजुरातची शिकवण आहे. मग न तपासलेली भीती पुढे पाठवण्यात सवाब कसला?

आपल्या मराठवाड्यात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार लोक गेले. त्यांतले बहुतेक झोपेतच दगड-मातीच्या भिंतींखाली आणि जड धाब्यांखाली दबले. त्यांचा जीव घेतला तो घरांच्या बांधणीने.

म्हणून संशोधकांना त्यांचे काम करू द्यावे. आपण आपल्या घराकडे पाहावे. नवे घर बांधताना भिंतींना सिमेंट-सळईचे पट्टे घेतले का, हे गवंड्याला विचारावे. कपाट भिंतीला पक्के बसवावे. अम्मी-अब्बांच्या पलंगावरच्या फळीवर जड पेटी असेल तर ती आजच खाली उतरवावी. मुलांना टेबलाखाली शिरून डोके झाकायला शिकवावे. आणि रात्रीचा तो मेसेज आपल्याच मोबाइलवर थांबवावा.

गैबचे ज्ञान अल्लाहकडे आहे. भिंत मजबूत करणे आपल्या हाती आहे. अल्लाह आपणा सर्वांची घरे सलामत ठेवो. आमीन.