डीपीएसचा पंचनामा

सेलूच्या एका वाचकाने दोन स्क्रीनशॉट पाठवलेत. लढाई तीच, बॉस तोच, दहा जणांची टोळीही तीच. एकात हा पठ्ठ्या पहिल्या नंबरवर, दुसऱ्यात घसरून चौथ्या. खाली एवढंच लिहिलंय, "सर, यातलं खरं कोणतं? ग्रुपात भांडणं लागलीत." दोन्ही खरी आहेत, म्हणून तर भांडण मिटत नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, एव्हरक्वेस्ट टू असल्या खेळांत दहा-वीस जण मिळून एका राक्षसावर, म्हणजे बॉसवर, तुटून पडतात; याला रेड म्हणतात. कोणी कोणाला केव्हा कितीचा फटका मारला, कोणी कोणाच्या जखमा भरल्या, याची ओळीवर ओळ एका फाइलमध्ये पडत जाते. हा कॉम्बॅट लॉग. तो वाचून बेरजा-भागाकार मांडणारी अवजारं निराळी. एव्हरक्वेस्ट टूसाठी निघालेलं आणि पुढे प्लगइनच्या जोरावर फायनल फँटसी फोर्टीनपर्यंत पोचलेलं अॅडव्हान्स्ड कॉम्बॅट ट्रॅकर, म्हणजे एसीटी. वॉरक्राफ्टच्या पडद्यावरच चालणारं डीटेल्स. आणि लॉग चढवला की सगळी लढाई उलगडून दाखवणारं वॉरक्राफ्ट लॉग्ज. मोबाइलवर बीजीएमआयची गोळीबारी खेळणाऱ्यांना ही डोकेदुखी नाही. सामना संपला की किल आणि डॅमेजचं तयार कार्ड हातात पडतं. ते कसं मोजलं, हे विचारायची सोयच नाही.

(पालकांसाठी एक कंस. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. राक्षस मारणं त्यात येत नाही. पोरगं रात्री अकराला "हील दे, हील दे" म्हणून ओरडत असेल तर झोपेवरून खुशाल रागवा, पण तो रमी खेळतोय असं समजू नका.)

आता भांडणाकडे. डीपीएस म्हणजे दर सेकंदाला केलेलं नुकसान. नुकसानीच्या आकड्यावर वाद नसतो, तो लॉगमध्ये लिहिलेलाच असतो. वाद आहे भागायचं कशाने याचा. समजा लढाई 300 सेकंद चालली. एक गडी तुफान मारत सुटला, 15 लाखांचं नुकसान केलं आणि 150 व्या सेकंदाला मेला. दुसरा शेवटपर्यंत तगला आणि त्याने 24 लाख केले. पहिल्याचे 15 लाख त्याच्या स्वतःच्या 150 सेकंदांनी भागले तर 10 हजार येतात. दुसऱ्याचे 24 लाख भागिले 300, म्हणजे 8 हजार. मेलेला पहिला! तेच 15 लाख सबंध लढाईच्या 300 सेकंदांनी भागा, त्याचे 5 हजार होतात आणि तो खाली जातो. एसीटीमध्ये हे दोन रकाने वेगवेगळे आहेत. नुसतं 'डीपीएस' लिहिलंय तो गड्याच्या स्वतःच्या वेळेचा हिशोब, 'एन्कडीपीएस' हा लढाईच्या वेळेचा. एसीटीच्या मिनी विंडोत, म्हणजे खेळावर तरंगणाऱ्या छोट्या चौकटीत, कोणता रकाना लावायचा, हे लावणाऱ्याच्या मर्जीवर. माझं मत विचाराल तर ग्रुपात दाखवायला दुसराच लावा. जमिनीवर आडवं पडून कोणी पहिला नंबर काढू नये.

याहून चकवा देणारी सेटिंग म्हणजे लढाई कधी संपली हे ठरवणारा टायमर. अमुक सेकंद कोणी कोणाला मारलं नाही, की अवजार समजतं लढाई संपली. पुढचा फटका पडला की नवी सुरू. बॉस मधेच उडून जातो, काही वेळ त्याला हातच लावता येत नाही. टायमर आखूड असेल तर एका लढाईचे दोन तुकडे होतात. फार लांब ठेवला तर बॉसच्या आधीची किरकोळ पिलावळही त्याच हिशोबात घुसते आणि सगळ्यांचे आकडे बिघडतात.

परभणी जिल्ह्यात हे कोणाला पटवून सांगायची गरज पडू नये. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. त्याच्या आत राहिला तर नाही. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. पहाटेपासून दुपारपर्यंत एकसारखा कोसळलेला पाऊस त्यामुळे दोन दिवसांत वाटला जाऊ शकतो, 40 इकडे आणि 45 तिकडे. वावरात सोयाबीन पाण्याखाली आणि कागदावर अतिवृष्टी एकाही दिवशी नाही. शिवाय पर्जन्यमापक मंडळाच्या एका गावात, ढगफुटी दुसऱ्याच शिवारात. यंत्र बिघडलेलं नसतं, कोणी आकडा खाल्लेलाही नसतो. रेघ कुठे मारायची आणि दिवस कधी कापायचा, हे पाऊस पडण्याआधीच ठरलेलं असतं. तिथे आपल्याला ते बदलता येत नाही. इथे दोन क्लिकचं काम आहे, तरी पोरं करत नाहीत, इन्स्टॉल केलं की थेट आकड्याकडे बघतात.

बाकीच्या सेटिंगा पटकन सांगतो. ज्यांच्याकडे पाळीव प्राणी किंवा बोलावलेले भूत-पिशाच्च लढतात, त्यांचं नुकसान मालकाच्या खात्यात धरायचं की वेगळं, ते तपासा. वेगळं राहिलं तर बिचारा हंटर उगाच ढिला दिसतो. हीलरचं ओव्हरहील, म्हणजे भरलेल्या हंड्यात ओतलेलं पाणी, बेरजेतून बाजूला काढा. आपल्या पात्राचं नाव एसीटीला सांगून ठेवा, नाहीतर यादीत सगळ्यांची नावं येतात आणि तुमच्या जागी नुसतं 'यू'. वॉरक्राफ्टवाल्यांनी सिस्टिमच्या नेटवर्क भागात जाऊन अॅडव्हान्स्ड कॉम्बॅट लॉगिंग आधी चालू करावं. ते बंद असलं तर कोण कुठे उभा होता हे फाइलमध्ये येतच नाही, आणि पोरं निम्मी मरतात ती चुकीच्या जागी उभं राहून. मग चॅटमध्ये स्लॅश देऊन कॉम्बॅटलॉग टाइप करायचं. रेड संपल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. जे लिहिलंच गेलं नाही ते वाचणार काय? डोटा टूमध्ये 'एक्स्पोज पब्लिक मॅच डेटा' ही खूण केल्याशिवाय ओपनडोटासारख्या ठिकाणी तुमचे सामने नीट दिसत नाहीत, तीही बघून घ्या.

आणि लॉग कोणाचा घ्यायचा? प्रत्येकाच्या संगणकावर त्याला जेवढं पोचलं तेवढंच लिहिलं जातं. ज्याची लाइन मधेच तुटली किंवा वीज जाऊन राउटर बसला, त्याच्या फाइलला भोक पडलेलं असतं. तेव्हा टोळीचा म्होरक्या तो, म्हणून त्याचाच लॉग, असं करू नका. ज्याच्याकडे राउटरला इन्व्हर्टर जोडलेला आहे त्याला लिहायला बसवा, भले तो मारामारीत कच्चा असो.

ब्लिझार्डने 2025 मध्ये जाहीर केलं की 'मिडनाइट' या विस्तारापासून लढाई चालू असतानाची बरीच माहिती अॅडऑनच्या हाती लागू द्यायची नाही आणि मीटर खेळातच द्यायचं. एकच मीटर, एकच भागाकार. निम्मी भांडणं मिटतील, हे कबूल. पण रकाना बदलून तोच आकडा उलटसुलट करून बघण्यात जी अक्कल येते, ती आयत्या मीटरने येत नाही. बीजीएमआयच्या कार्डाने आजवर कोणाला भागाकार शिकवलाय?

शेवटची सेटिंग मात्र आकड्यांची नाही. वॉरक्राफ्ट लॉग्जवर फाइल चढवताना ती पब्लिक, प्रायव्हेट की अनलिस्टेड, असं विचारतात. पब्लिक केलीत की तुमच्याबरोबर बाकी साऱ्यांची नावंही जगापुढे जातात, कोण कितव्या सेकंदाला मेला यासकट. फायनल फँटसीच्या कंपनीला तर बाहेरची अवजारं नियमाने मान्यच नाहीत; तिथे चॅटमध्ये दुसऱ्याचा डीपीएस काढून त्याला टोमणे मारणं खात्यावर बेतू शकतं. टोळी नवी असेल, त्यात शाळकरी पोरं असतील, तर अनलिस्टेड ठेवा आणि लिंक फक्त ग्रुपात टाका. चार रेड एकत्र होऊ द्या, एकमेकांचा स्वभाव कळू द्या, मग सगळ्यांना विचारून पब्लिक करा. एक जरी "नको" म्हणाला, तरी नको.

– कळफलक्या